एका पायावरची खूण

प्रिय सिग्रिड,

फोनवर तू सरळ विचारलंस, "आई, तू आता थांबणार आहेस की नाही?" आणि मी म्हटलं, शेगडीवर कॉफी आहे, मागाहून बोलते. कॉफी केव्हाच पिऊन झाली होती. उत्तर नव्हतं, म्हणून पळ काढला. तुझं म्हणणं मला कळतं. सत्तरी उलटलेली बाई पिकअपमागे ट्रेलरमधलं सगळं घर बांधून एकटी देशभर हिंडते, आणि परवा तर ट्रेलर मागे घेताना तिने नळाचा खांबच आडवा केला. मी ते तुला सांगणार नव्हते, पण लव्हॉनने तुला फोटो पाठवला. शेजारीण म्हणून ती सोन्यासारखी आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू खालची खोली माझ्यासाठी पिवळी रंगवून घेतली आहेस. हे फिरणं सोडून त्या खोलीत यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे ना? उत्तर देते, पण शेवटी. आधी मधल्या दिवसांत मी कुठे गायब झाले होते ते ऐक, कारण ते तुझ्याबद्दलच आहे.

मला दुसऱ्यांच्या संसारात डोकावायची किती हौस आहे ते तुला नव्याने सांगायला नको. इथे अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या ट्रेलरवाल्यांच्या कॅम्पवर त्याची आयतीच सोय होते. दुपार कलली की आम्ही सगळे खुर्च्या बाहेर मांडून बसतो, कारण ती नवी माणसं यायची वेळ. आलेल्याने आपला ट्रेलर उलटा चालवत, दोन शेजाऱ्यांच्या मधल्या जागेत बसवायचा असतो. एक जण गाडीत, दुसरा मागे उभा राहून हातवारे करणार. इतकी वर्षं एकत्र काढलेली माणसं तेवढ्या वेळात एकमेकांना काय काय म्हणतात! एक बाई किंचाळत होती, "डावीकडे म्हणजे माझ्या नव्हे, तुझ्या डावीकडे!" आणि नवरा गाडीतून, "अगं, पण तू आहेस कुठे? मला दिसतच नाहीयेस!" मागे उभं राहणाऱ्याने चालवणाऱ्याला आरशात दिसलं पाहिजे, हा पहिला धडा. तोच सगळे विसरतात. लव्हॉन माझ्या कानाशी लागली, "बाई गं, हे दोघं आज वेगवेगळे जेवणार." आम्हाला हसायला काय जातंय, आमचे ट्रेलर लागलेले असतात.

पण माझं लक्ष खुणांकडे असतं. प्रत्येक जोडप्याच्या निराळ्या. कुणी टोपी हलवतं, कुणी मुठी एकमेकींवर आपटतं, एक आजोबा नुसतेच मान हलवतात आणि आजींना बरोबर कळतं. या खुणा कुणाला सुचतात, कोण कुणाला शिकवतं, एकाची दुसऱ्याकडे जाते कशी, हे कोडं मला पहिल्यापासून आहे.

त्यातच एके दिवशी टेक्ससकडचं एक जोडपं आलं. नवरा रूबेन गाडीत, बायको पिलार मागे. पिलार ठेंगणी, अंगाने भरलेली, साठीची बाई. ट्रेलर हळूहळू मागे येत होता. थांबायची वेळ झाली तशी तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, एक पाय गुडघ्यात मुडपला आणि बगळ्यासारखी उभी राहिली. रूबेनने तिथल्या तिथे ब्रेक दाबला. सगळे खो खो हसले. माझी कॉफी मांडीवर सांडली.

आठवतंय ना? तू सात वर्षांची होतीस. आपण तळ्याकाठी सुट्टीला गेलो होतो आणि आपला तो पहिला, डबीएवढा ट्रेलर बाबा मागे घेत होते. तू पाठीमागे उभी होतीस. बाबा आरशात बघत "बक्कळ जागा आहे, बक्कळ जागा आहे" म्हणत येत होते, आणि बाजूचं बर्चचं झाड काही त्यांना दिसत नव्हतं. तुझा आवाजच फुटेना. तू डोक्यावर दोन्ही हात मारून घेतलेस, आणि नेमका त्याच वेळी मुंगळा चावला म्हणून एक पाय वर. ते सोंग पाहून बाबांनी ब्रेक दाबला. झाड वीतभर उरलं होतं. त्या दिवसापासून आपल्या घरात थांबायची खूण तीच. पुढे घर विकून आम्ही दोघं कायमचे रस्त्याला लागलो तेव्हा मागे उभं राहायची पाळी माझ्यावर आली. माझा गुडघा बोंबलत असायचा, तरी बाबा दुसरी खूण मानायला तयार नव्हते.

आता तूच सांग, घाबरल्यावर डोक्याला हात कुणीही लावेल. पण पाय कोण उचलेल?

नव्या शेजाऱ्याचा ट्रेलर नीट टेकायच्या आत त्याच्याकडे जाऊन उभं राहणं आमच्यात वाईट दिसतं, पण मी गेलेच. पिलार धापा टाकत हसली. "वेडपट दिसतं ना? पण कधी चुकत नाही बघा. गेरिटने शिकवलं आम्हाला. ताडमाड म्हातारा आहे, तिरसट. किनाऱ्यावर आमच्या शेजारी होता." गेरिटला कुणी शिकवलं, ते तिला ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे फोन नाही, मात्र हिवाळाभर तो न्यू मेक्सिकोत नदीकाठच्या एका कॅम्पवर असतो, एवढं कळलं. मग मला चैन कुठली! दुसऱ्याच दिवशी ट्रेलर जोडला. लव्हॉन म्हणाली, "एका लंगडीसाठी एवढं पेट्रोल जाळणारेस?" मी म्हटलं, हो. वाटेत वारा इतका उलटा की पिकअप नुसता कण्हत होता. एका पंपावर थांबून मिरच्यांचं स्ट्यू खाल्लं, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि स्वतःचंच हसू आलं. पण परत फिरावंसं एकदाही वाटलं नाही.

पोचले तर गेरिट निघायच्या तयारीत! पिकअपला ट्रेलर जोडत होता. आमच्यात एक गोष्ट अगदी कडक पाळतात. जोडणी करणाऱ्याशी बोलायचं नाही, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. बोलण्याच्या नादात एखादी खीळ राहिली तर घर रस्त्यात सुटतं. म्हणून मी एक बादली उपडी घातली आणि मूग गिळून बसले. त्याने साखळ्या लावल्या. दिव्यांची वायर लावली, काढली, फुंकली, पुन्हा लावली. चाकं बघितली. मग सगळं पहिल्यापासून तपासलं. मी मनात म्हणतेय, मेल्या, आवर की! अखेर हात पुसत आला. "काय हवंय बाई तुम्हाला? केव्हाच्या टपून बसलायत." मी उठले, डोक्यावर हात ठेवले आणि पाय उचलला. त्याचा तिरसट चेहरा एकदम पोरासारखा झाला. "अरेच्चा! तुम्ही सिग्रिडच्या कोण?"

होय, तुझं नाव. मला तोल सावरायला त्याच्याच ट्रेलरला धरावं लागलं.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. ऑरेगॉनमध्ये ट्रेलरची मैल्याची टाकी रिकामी करायच्या रांगेत त्याला लाल टोपीतला एक किडकिडीत माणूस भेटला होता. "मागे रांग खोळंबलीय, लोक भोंगे वाजवतायत, आणि हा गडी हातात पाईप धरून एका पायावर उभा! म्हणतो, शिकून घ्या, माझ्या मुलीची खूण आहे. सिग्रिडचा नियम. आरशात कितीही जागा दिसू दे, सिग्रिडने पाय उचलला की थांबायचं. आरसा चुकतो, माझी सिग्रिड चुकत नाही." गेरिटची बायको खिडकीतून म्हणाली, "आणि मग भोंगे वाजवणाऱ्यांनाही खाली उतरवून त्याने ते करायला लावलं." मी तेव्हा कपडे धुवायला गेलेली असणार. टाकी रिकामी करायला बाबांना एवढा वेळ का लागायचा, ते मला आत्ता कळलं. ओळखपाळख नसलेली किती माणसं कुठल्या कुठल्या गावांत तुझ्यासारखी लंगडी घालून उभी राहत असतील, देव जाणे. मी आता जिथे जाते तिथे बघत असते.

तुझ्याशी मात्र ते फोनवर काय बोलायचे? "इथे ऊन आहे. तिथे बर्फ का? बरं, आईला देतो." नेव्हाडातल्या त्या हॉस्पिटलात तू पोचलीस तेव्हा सगळं संपलं होतं. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "घर विकलंत तेव्हाच तुम्ही दोघं मला विसरलात." आणि ट्रेलरची पायरीही न चढता परत गेलीस. मी काही बोलले नाही, कारण माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. आता आहे. विसरलेला बाप रांग अडवून परक्यांना मुलीचं नाव शिकवत बसत नाही गं. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि त्यांचा रागही येतोय. जे तुला सांगायचं ते गेरिटला काय सांगत बसले!

तर आता उत्तर. बाबा गेल्यापासून मी आरपार जागाच मागून घेते, एकीकडून शिरायचं आणि दुसरीकडून निघायचं, कारण मागे उभं राहायला कुणी नाही. परवा इथे परतले तेव्हा तशी जागा मिळाली नाही आणि खांब गेला. म्हणजे थांबायची वेळ झाली का? मला खरंच कळत नाही. तू म्हणतेस झाली, पण तू ते तुझ्या डलुथच्या स्वयंपाकघरातून म्हणतेस, आणि उंटावरून शेळ्या हाकलेल्या मला चालत नाहीत. थांब म्हणणाऱ्याने मागे येऊन उभं राहायचं असतं. म्हणून हे पत्र. तुमच्याकडचा बर्फ वितळला की मी ट्रेलर घेऊन तुझ्या दारात येते. गॅरेजकडे जाणारा तुझा रस्ता चढाचा, त्यात वळण, एका अंगाला पत्रपेटी, दुसऱ्या अंगाला मेपल. आरपार जायची सोय नाही, मला उलटंच यावं लागेल. तू मागे उभी राहा. मी कशी चालवते ते बघ, मग पायरी चढून आत ये, बाबांच्या खुर्चीत बसून कॉफी पी. सगळं बघून तुला वाटलं की पुरे झालं, तर डोक्यावर हात ठेव आणि पाय उचल. मी वाद घालणार नाही. किल्ल्या तुझ्या हातात देईन आणि मुकाट्याने पिवळ्या खोलीत राहीन. नियम तुझ्या बाबांचा आहे, तो मोडायची माझी टाप नाही. फक्त एवढं कर, मला आरशात दिसशील अशी उभी राहा. फार दिवसांत दिसली नाहीस.

तुझीच,
आई