निम्मी पानं झाडाची

४ मे
कमरीपेठेतल्या आमच्या पत्रावळींच्या कारखान्याला आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर! इथलाच, हुबळीतला एक केटरर — लग्नांसाठी चाळीस हजार. प्रभंजन, माझा नवरा, फोनवर नुसता “आगतद री, आगतद” करत होता. होईल, होईल.

जेवताना अप्पांनी — माझ्या सासऱ्यांनी — विचारलं, “एवढी पानं कुठली?”
“अळणावरची. यंदा झाडं पूर्ण उतरवू,” प्रभंजन म्हणाला.
अप्पांचा घास थांबला. पळसाची निम्मी पानं झाडालाच ठेवायची, देवाकडून घेताना ओरबाडायचं नाही — लग्न होऊन आल्यापासून हे ऐकतेय.
“एकच वर्ष, अप्पा.”
अप्पा हात धुवायला उठले. या पैशातून यायचं ते पत्रावळीचं दुसरं मशीन मलाही हवंय.

९ मे
अळणावरजवळच्या वाडीत जाऊन आलो. पानं तोडणाऱ्या बायकांत जनाबाईंचा शब्द चालतो. सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या, “निम्मी पानं झाडाची. त्यात बदल न्हाई.”
“मग दुसऱ्या बायका बघतो,” प्रभंजन.
“बघा की.”
तरी चहा दिलाच.

१० मे
दिवसभर धुसफूस.

११ मे
अप्पांची पूजा झाल्यावर विचारलं, हा नियम आपल्या घराण्यात कधीपासून?
हसले. “आपला कुठला? जनाबाईच्या आईचा गं तो. मी तेव्हा तिशीतला, असाच हावरा. तिनं निम्मीच गाडी भरून परत पाठवलं. भांडलो मी. पुढं शेजारच्या रानातली ओरबाडलेली झाडं वाळली, आणि आमची भरून आली. तेव्हापासून पाळतो. घराण्याचा म्हणून मिरवला, तेवढं चुकलं.”
प्रभंजन दारात चप्पल घालत होता. एका पायात घातली, आणि तसाच उभा राहिला. मग आत येऊन अप्पांजवळ बसला. अप्पांनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला.

१२ मे
केटररला मीच फोन केला. वीस हजारच देऊ शकतो, त्याहून एक पान जास्त नाही.
त्यानं आपल्या तारखा पुन्हा मोजल्या. मग म्हणाला, “उरलेल्यांना केळीचं पान लावतो. पण वीस तरी नक्की ना, अक्का?”
नक्की.

दुसरं मशीन पुढच्या वर्षी बघू. प्रभंजन रागावेल वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, “जनाबाईंना कोण सांगणार?” आणि स्वतःच निघाला.

२६ मे
फर्मच्या कागदांवर आजवर तिघं होतो: अप्पा, प्रभंजन, मी. आज चौथ्या जागी जनाबाईंनी अंगठा उठवला. भागीदार म्हणून. त्यांचं नाव प्रभंजननंच सुचवलं.