फ्रीजची किल्ली

४ मार्च
किल्ली काढून घेतली! अकरा वर्षं माझ्या कमरेला होती. सगळ्या लाइनसमोर आमचे सुपरवायझर, मी त्यांना घाईसाहेब म्हणतो, हात पुढे करून उभे — "द्या इकडे, काका. तुमच्याने आता होत नाही."

सोल्डर पेस्ट म्हणजे सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडणारा धातूचा लगदा. तिचा डबा फ्रीजमधून काढला की चार तास बंदच ठेवायचा. थंडगार उघडला तर हवेतलं पाणी आत बसतं, भट्टीत पेस्ट तडतडते, बोर्डावर बारीक गोळ्या उडतात. मी गावच्या शाळेतला. डब्यावरच्या इंग्रजी सूचना शब्दकोश घेऊन वाचल्या होत्या. घाईसाहेबांनाही मीच शिकवलं. तरी अर्ध्या तासात उघडायला लावला. "लाइन उभी आहे काका. डब्याला काय थंडी वाजते?"

सहाशे बोर्ड वाया. आणि मोठ्या साहेबांना सांगितलं, काकांनी डबा उशिरा काढला. चोराच्या उलट्या बोंबा!

बोर्डावर पेस्ट छापणाऱ्या मशीनवरची ताई तेवढी बोलली. "दादा नको म्हणत होते. मी ऐकलंय." तिला गप्प बसवलं.

५ मार्च
प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले की त्यांचाच चेहरा.

९ मार्च
आता मी पॅकिंगला. दिवसभर खोकी चिकटवतो.

फ्रीजच्या खोलीला काच आहे. जाताना सहज पाहिलं — दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात सुटलंय. तापमानाचा आकडा चौदा! दहाच्या वर जाता कामा नये. पेस्ट तापली की घट्ट होते, छपाईच्या जाळीतून नीट उतरत नाही, सांधे कच्चे राहतात.

सांगायला निघालो. चार पावलं गेलो. थांबलो.

किल्ली ज्याच्याकडे, सही त्याची — हा नियम मीच घातलेला. सकाळ-संध्याकाळ आकडा बघायचा, तक्त्यात लिहायचा, सही ठोकायची. तक्ता भिंतीवर. काचेतून आकडे वाचता आले, सह्यांचं नुसतं गिचमीड. पाच. पाच. पाच. पाच. न बघता!

लिहा साहेब, लिहा. हाताने खड्डा खणा.

१३ मार्च
सोळा. बायको म्हणाली, "हल्ली खुशीत दिसता!"

१७ मार्च
जेवायच्या सुट्टीत ताई शेजारी बसली. "दादा, पेस्ट दगडासारखी येतेय. ढवळून ढवळून खांदे गेले. काय झालं असेल?"

"साहेबांना विचार."

"विचारलं की! म्हणे, तुला काय कळतं, तू हात चालव."

मी घास चावत राहिलो. संध्याकाळी हात जोडले तेव्हा देवाला म्हटलं, मी काही केलेलं नाही. खोटं नाही ते. खरंच काही केलेलं नाही.

२० मार्च
अख्खा माल परत आला! सांधे सुटले. उद्या चौकशी — आणि मोठ्या साहेबांनी मला बोलावलंय, जाणकार म्हणून! देवाच्या काठीला आवाज नसतो.

२१ मार्च, दुपार
बोललो. शांतपणे, एकेक शब्द तोलून. फ्रीजच्या दारात कागद धरला, दार लावलं, कागद ओढला — अलगद हातात आला. आकडा दाखवला, सतरा. मग म्हणालो, "या तक्त्यावर ज्याची सही आहे, त्याने एकदाही आकडा पाहिलेला नाही. असा माणूस इथे एक दिवसही ठेवू नये."

घाईसाहेब बुटांकडे बघत होते. मोठे साहेब म्हणाले, "तक्ता आणा." मला जायला सांगितलं. खोकी चिकटवली. हात कसे हलके!

२१ मार्च, संध्याकाळ
सह्या ताईच्या. रोज घाईसाहेब तिला म्हणायचे, "पाच लिही, सही कर, मशीनवर पळ." तिला काढलं.

फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. रडत नव्हती. "दादा, एवढंच सांगा. रबर सुटलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

म्हटलं, आजच.