स्वतः जोडलेला ड्रोन

बाई, परवा मी एक ड्रोन उडवला. तुमच्या वेळी आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा शब्द कुणी उच्चारलाही नव्हता, म्हणून आधी तो काय ते सांगते. तळहाताएवढा सांगाडा, चार कोपऱ्यांत चार छोट्या मोटारी, पुढे कॅमेरा. उडवणाऱ्याने डोळ्यांवर जाड चष्मा चढवायचा आणि हातात रिमोट धरायचा. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच चष्म्यात दिसतं. आपण खुर्चीत असतो आणि डोळे छताजवळून फिरत असतात.

हे वेड मला हॉस्पिटलमध्ये लागलं. मागच्या वर्षी नसांचा आजार झाला आणि बघता बघता हातापायांतली ताकद गेली. कुशीवर वळायलाही नर्सला हाक मारावी लागायची. त्या दिवसांत मुलगी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून बसायची. एकदा तिने अशाच ड्रोनमधून घेतलेला व्हिडिओ लावला, कड्यावरून थेट दरीत उतरणारा, आणि पलंगावर पडल्या पडल्या मीही त्याच्याबरोबर खाली गेले. आपण हललो, असं शरीराला कितीतरी दिवसांनी वाटलं. पुढे वारज्याच्या घरी आले, भिंतीला धरून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागले, तेव्हा मी सांगून टाकलं की मला हे शिकायचंय.

हसलं कुणी नाही. वाद झाला तो तयार घ्यायचा की जोडायचा यावर. नवरा म्हणाला, "अगं, डबा उघडायचा, चार्ज करायचा, उडवायचा. चष्मा, रिमोट, सगळं जुळवून दिलेलं असतं. त्याच संध्याकाळी हवेत." मुलगी म्हणाली, "बाबा, पण तो आपटला की सर्व्हिस सेंटरला पाठवा आणि वाट बघत बसा. बिगिनर तर रोज आपटतो. स्वतः बिल्ड केला की मोटर गेली, मोटर बदलली. फक्त सोल्डरिंग फार बारीक असतं आई. तुझा हात..." दोघांचंही बरोबर होतं. दुकानदारानेही फोनवर "मॅडम, पहिलाच असेल तर रेडीमेड घ्या," असंच सांगितलं. तरी मी जोडायचा ठरवला. कारखान्यात सर्किट तपासायचं आणि दुरुस्त करायचं माझं काम. हात परत आला नाही तर तिथे जाऊन मी काय करणार होते? ते मला कळून घ्यायचं होतं. घरात मात्र मुलीचं म्हणणं पटलं एवढंच सांगितलं.

सुटे भाग आले, टेबलावर मांडले, आणि तुम्ही आठवलात. यवतमाळकडून नुकतीच पुण्यात आलेली मी. सगळे तुम्हाला मॅडम म्हणतात, मी गावच्या शाळेच्या सवयीने बाई म्हणते, आणि तुम्ही ते चालवून घेता. प्रयोगशाळेत तुम्ही विचारता, "काय चाललंय?" मी म्हणते, "सोल्डर करून राहिली, बाई." मागून हशा पिकतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "ती करून राहिलीय. तुम्ही नुसतेच राहिलायत." मग माझ्याकडे वळून, जराही मऊ न होता, "हे टाके आहेत की साबुदाण्याची खिचडी? काढ सगळं. आणि कोपर टेकव. हात असा हवेत काय धरलायस, वाळत घातलायस का?" त्या दिवशी मी खोलीवर जाऊन रडले होते. कोपर मात्र त्यानंतर कायम टेकलेलं राहिलं.

मग तो रविवार. "घरचा मिक्सर बिघडलाय, ये," म्हणून तुम्ही मला सदाशिव पेठेतल्या तुमच्या फ्लॅटवर बोलावलंत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी मिक्सर उघडते आहे, तुम्ही शेजारी काकडी चोचवता आहात, कुकरची शिट्टी होते आहे. आतली तार इतकी सरळ सुटलेली, की तुम्हाला ती दिसली नसेल हे शक्यच नव्हतं. बहुतेक मेसचं जेवून माझी काय दशा झालीय ते तुम्ही पाहिलं होतंत. वरण-भात वाढताना तुम्ही एवढंच म्हणालात, "कामाची माणसं उपाशी राहून काम करत नाहीत." निघताना तुमचा बारीक टोकाचा चिमटा हातावर ठेवलात. "माझ्याकडे दुसरा आहे."

तर बाई, पहिला प्रयत्न फसला. मोटारीची तार बसवताना बोटांची पकड सुटली, टाका शेजारच्या टाक्याला जाऊन मिळाला आणि बॅटरी लावताच धूर आला. सर्किटचा बोर्ड गेला. नवऱ्याने खिडकी उघडली आणि चहा ठेवला. जेवताना हळूच म्हणाला, "तयार मागवू का? त्यात हरण्यासारखं काही नाही गं." मी म्हटलं, "एकदा अजून बघते." दुसरा बोर्ड आला तेव्हा टेबल भिंतीला लावून घेतलं, कोपराखाली टॉवेलची घडी ठेवली आणि दिवसाला एकाच मोटारीच्या तारा जोडायच्या असं ठरवलं. हात थकला की उठायचं. मुलगी भिंगातून टाके तपासायची आणि "नेक्स्ट" म्हणायची. चष्मा आणि रिमोट मात्र तयारच घेतले. तेही घरी बनवायचा हट्ट धरला असता, तर तुम्हीच मला वेड्यात काढलं असतंत.

सोसायटीचा हॉल सकाळी मोकळा असतो. दारं लावून घेतली, मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, चष्मा चढवला. पहिल्यांदा ड्रोन उठला आणि पडद्यात जाऊन अडकला. नवऱ्याने स्टुलावर चढून तो सोडवला. दुसऱ्यांदा उठला तो राहिला. मी पंख्यांच्या खालून गेले, खिडक्यांच्या रांगेवरून गेले, टोकाला जाऊन सावकाश वळले. वळल्यावर समोर हॉलच्या मधोमध एक बाई बसलेली दिसली. पाठ सरळ, रिमोटवरचे अंगठे न घाबरता हलताहेत. ही कोण, असं क्षणभर वाटलं. आजारी माणूस असा बसत नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोन करून, पुढच्या महिन्यापासून येते, म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "सुरुवातीला अर्धा दिवस या."

हे सगळं हाताने लिहिलंय. अक्षर अजून वेडंवाकडं येतं. हा कागद आता कपाटात जाईल. तुम्ही आज असतात, तर यातलं काहीच मी बोलले नसते. तुमच्याकडे येऊन ड्रोन नुसता उलटा ठेवला असता, टाके वर करून, आणि तुम्ही चष्मा पुसून ते बघेपर्यंत तुमच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नसती.