तीन सेकंदांची डिस्क

४ जानेवारी

सात महिने या वहीकडे फिरकले नाही. चुकलं. कारण आहे, पण लिहायला घेतलं की ते सबबीसारखं दिसायला लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकते. ऑक्टोबरमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द आठवतो, तोंडापर्यंत येतो आणि तिथे अडकतो. तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारलेला माणूस! (ऑक्टोबरच्या आधीचे चार महिने मात्र नुसता आळस. तेही लिहिलेलं बरं.)

आज वही उघडली ती रागाने. कोणाशी तरी भांडावंसं वाटतंय आणि घरात भांडता येईल असं कोणी नाही. बाबांशी कसं भांडणार? दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्या मावशींशी भांडले तर त्या उद्या येणार नाहीत.

धाकट्या भावाने माझा जुना संगणक भंगारात दिला. मी दवाखान्यात बाबांच्या उशाशी बसलेली असताना. न विचारता! आणि मला कळलं आज. वर म्हणतो, "ताई, ते खटारं कशाला हवंय तुला? मी नवा आणून दिलाय ना?"

नवा छान आहे. पातळ आहे. त्यात डिस्क घालायला जागाच नाही.

५ जानेवारी

काल अर्धवट सोडलं. जुना संगणक कशाला हवा होता ते नीट लिहायला हवं, नाहीतर पुढे वाचताना मीच मला वेडी वाटेन.

प्रुफं तपासायच्या नोकरीआधी मी एका स्टुडिओत डीव्हीडी बनवायचे. लोकांचे समारंभ, त्यांचे मेनू, त्यांची बटणं. चौदा वर्षं झाली. त्यातलंच एक काम एका स्पीच थेरपिस्ट बाईंचं होतं – बोलणं गेलेल्या पेशंटांनी घरी सराव करायची डिस्क. दोनशे चाळीस शब्द. पडद्यावर चमचा येतो, बाईंचे ओठ जवळून दिसतात, बाई म्हणतात "चमचा", मग चमचा तसाच राहतो आणि शांतता. त्या शांततेत पेशंटने तो शब्द म्हणायचा. मग पुढचा.

शांतता आठ सेकंदांची हवी, असं बाईंचं म्हणणं होतं. मी तीन सेकंद ठेवली. माझं वाक्य मला अजून आठवतं – "बाई, आठ सेकंद काहीच हललं नाही तर लोकांना वाटेल डिस्क अडकली." मी घड्याळ लावून पाहिलं होतं. मला चमचा म्हणायला एक सेकंदसुद्धा लागला नव्हता. म्हणजे तीन सेकंद हा उदारपणाच! बाई दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी विषय काढला नाही आणि मला वाटलं, पटलं त्यांना.

आता रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी बाबांजवळ बसते आणि आम्ही तीच डिस्क लावतो. बाबांचे ओठ जुळतात. घशातून काहीतरी निघतं. तोवर पडद्यावर चावी आलेली असते.

दोनशे प्रती वाटल्या होत्या आम्ही. दोनशे घरं. गेल्या चौदा वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

ते तीनचे आठ करायचे आहेत. बाकी काही नाही.

८ जानेवारी

माळ्यावरून सॉफ्टवेअरचं खोकं काढलं. सीडी धड, आत चिकटवलेला नंबर धड. सगळं चित्रण आणि कामाची मूळ फाइल असलेली हार्ड डिस्कही धड – ती कपाटात होती म्हणून वाचली, संगणकात असती तर तीही भंगारात गेली असती. डिस्कसाठी बाहेरून जोडायचं यंत्र आणलं. जोडलं. सीडी फिरली.

"हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. निर्मात्याशी संपर्क साधा."

निर्माता! कंपनी बंद होऊन नऊ वर्षं झाली. तरी खोक्यावरचा नंबर लावून पाहिला. एका माणसाने उचलला आणि गादी कोणत्या मापाची हवी असं विचारलं. मी फोन ठेवला आणि मग वाटलं, बिचाऱ्याचा काय दोष, निदान चुकून लागला म्हणायला हवं होतं.

नव्या संगणकात एक सोय आहे – जुन्या प्रोग्रामला आपण जुने आहोत असं भासवायची. त्यातले सगळे पर्याय एकेक करून पाहिले. तेच वाक्य. तोच शांत, सभ्य, निळा चौकोन. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

९ जानेवारी

आज काहीच झालं नाही. शिव्या सोडून. त्या लिहीत नाही.

११ जानेवारी

धाकट्याचा फोन. मोबाइलवर टाक म्हणे सगळं. त्याला काय माहीत! बाबांचं बोट काचेवर थरथरतं, एक दाबायला जातात आणि तीन उघडतात. रिमोटचं मोठं बटण त्यांच्या डाव्या हाताला पाठ आहे. मी बोलले, बरंच बोलले. सणासुदीला तोंड दाखवणाऱ्या मुलांनी सल्ले देऊ नयेत, असंही बोलले. ते नको होतं.

त्याने ऐकून घेतलं आणि मग एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. घरात आहे त्या डिस्कवरून चित्रण उतरवून घे, नव्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काप, मध्ये वेळ वाढव. दोन दिवसांचं काम. मी म्हटलं, चित्र खराब होईल, मेनू जातील.

खरं लिहायचं तर चित्र फारसं खराब झालं नसतं. मेनू मला पुन्हा करता आले असते. पण मला ती मूळ फाइलच उघडायची आहे. जिथे मी तीन लिहिलं तिथेच जाऊन तो तीन खोडायचा आहे. हा हट्ट बाबांसाठी आहे की माझ्यासाठी?

आज उत्तर नको.

१४ जानेवारी

रजा घेतली. संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेले. पन्नाशीचा माणूस, दुकान म्हणजे वायरींचं जंगल. खोकं हातात घेऊन त्याने उलटंसुलटं पाहिलं, जसं कोणी आजोबांचा चष्मा बघावा. "मॅडम, डीव्हीडी? त्यापेक्षा तार पाठवा." मला हसू आलं नाही. ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने स्टूल पुढे केलं.

मग मात्र नीट बसला. नव्या संगणकाच्या पोटात एक खोटा जुना संगणक बसवता येतो, त्यात जुनी यंत्रणा घालायची आणि त्या यंत्रणेत हे सॉफ्टवेअर. दोन तास लागले. सॉफ्टवेअर बसलं! उघडलं! आणि म्हणालं, या आवृत्तीची मुदत संपली आहे.

मी उठलेच होते. तो म्हणाला, थांबा. त्याने आतल्या संगणकाचं इंटरनेट तोडलं आणि तारीख बारा वर्षं मागे नेली. "त्याला सांगायचंच नाही कोणतं साल आहे ते."

उघडलं. तीच करडी खिडकी, डावीकडे तीच बटणं. माझा हात आपोआप बरोबर जागी गेला. एवढ्याशा गोष्टीने डोळे भरून आले, त्याची लाज वाटली.

घरी येऊन आमची फाइल उघडली. दोनशे चाळीस शब्दांच्या जागी दोनशे चाळीस लाल फुल्या. चित्रण सापडत नाही म्हणे! अरे, तुझ्या नाकासमोर जोडलंय!

१५ जानेवारी

सापडलं. संगणक जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतो. जुन्यात त्या हार्ड डिस्कचं अक्षर 'जी' होतं. नव्यात 'एफ'. सॉफ्टवेअर बिचारं 'जी'च्या दारात उभं राहून हाका मारत होतं. अक्षर बदललं, सगळ्या फुल्या एका क्षणात गेल्या. एका अक्षरासाठी दीड दिवस – आणि मी प्रुफं तपासून पोट भरते!

१८ जानेवारी

सगळ्या शब्दांचा वेळ एकदम बदलायची सोय यात नाही. प्रत्येक शब्द उघडायचा, तीन खोडायचा, आठ लिहायचा, बंद करायचा. चमचा. चावी. टॉवेल. उशी. ऑफिसातून आल्यावर जेवणापर्यंत बसते. आज एकशे सदतिसाव्या शब्दाला खिडकी गोठली आणि सगळं गेलं. जपून ठेवलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी हे सॉफ्टवेअर दर अर्ध्या तासाला असंच गोठायचं आणि दर दहा मिनिटांनी जपून ठेवायचं ही माझी सवय होती. सॉफ्टवेअर आपली सवय विसरलं नाही, मी माझी विसरले.

टेबलावर हात आपटला. आतून बाबांनी काठीने ठक ठक केलं – काय झालं म्हणून. मी ओरडले, काही नाही! तेही रागातच.

२१ जानेवारी

झालं. सगळे आठ.

कोऱ्या डिस्क मिळायला तीन दुकानं. शेवटी दुरुस्तीवाल्यानेच कपाटामागून एक धुळकट डबा काढून दिला. पहिल्या तीन वाया गेल्या. चौथी संगणकावर चालली, बाबांच्या प्लेयरवर नाही. पाचवी सगळ्यात कमी वेगाने लिहिली. प्लेयर घुरघुरला, थांबला, आणि मेनू आला.

उद्या सकाळी लावणार. आज बाबांना सांगितलं नाही. बक्षीस द्यायचं असल्यासारखं वाटतंय, आणि ते मला आवडत नाहीये.

२२ जानेवारी

खुर्ची टीव्हीच्या बाजूला घेतली, म्हणजे बाबांचा चेहरा नीट दिसेल. डिस्क लावली.

चमचा. मी मनात मोजत होते. पाच, सहा, सात, आठ. काही नाही. चावी. आठ. काही नाही. टॉवेलला ओठ हलले आणि मिटले. बाबा माझ्याकडे बघत होते. मी मान हलवून दाखवत होते, बोटाने पडद्याकडे खुणावत होते. उशी. दार. आठ सेकंद म्हणजे किती लांब असतात हे मला माहीतच नव्हतं. बाराव्या शब्दाला माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "आता तर वेळ आहे ना, बाबा! आता का नाही बोलत?"

त्यांनी रिमोट मांडीवरून उचलला आणि बाजूला ठेवला. हळूच. फेकला असता तर बरं झालं असतं.

मी तशीच ऑफिसला गेले. प्रुफात काय वाचलं, आठवत नाही. बोलणं गेलेल्या माणसावर मी न बोलण्याबद्दल रागावले.

२४ जानेवारी

मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दिवसा बाबा डिस्क लावतात का?

"लावतात की. तुम्ही ऑफिसला गेल्या की लावतात. बोलतात पण."

बोलतात? कोणत्या डिस्कवर? "जुन्या. नवीन एकदा लावली, तर आम्हाला दोघांना मध्येच झोप यायला लागली." कालही जुनीच, परवाही जुनीच. शब्द येतो, कधी येत नाही, कधी पुढच्या चित्रावर मागचा येतो, मग दोघं हसतात. किती शब्द येतात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं घड्या किती घातल्या. मोजायचे असतात का, म्हणाल्या.

मग माझ्यासमोर का नाही, हे मी विचारलं. मावशींनी चादरीची घडी पुरी केली, हाताने सारखी केली.

"तुम्ही बसता तेव्हा ते टीव्हीकडे बघत नाहीत, ताई. तुमच्याकडे बघतात. बरोबर आलं का म्हणून. आणि जरा अडले, की तुम्हीच सांगून टाकता."

मी म्हणाले, मी नाही सांगत. ठामपणे म्हणाले. आणि संध्याकाळी चहाच्या वेळी बाबा "सा" म्हणाले आणि माझ्या तोंडून "साखर" निघूनही गेलं. त्यांनी मान हलवली – 'हो' अशी नाही, 'नाही' अशीही नाही, नुसतीच. साय हवी होती की साखर, ते कळलंच नाही. मी साखर घातली.

त्या दोनशे घरांचं काय झालं ते मला कधी कळणार नाही. तिथे कोणीतरी मावशी असतील, एवढीच आशा. पण या घरातले तीन सेकंद डिस्कचे नव्हते.

२५ जानेवारी

सकाळी सवयीने आत गेले आणि बसले. गप्प बसायचं ठरवून. तोंड घट्ट मिटून बसले होते. बाबांनी डिस्क सुरू केली नाही. टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले,

"तू बाहेर जा."

न अडकता, एका दमात. ऑक्टोबरनंतरचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आधी राग आला. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. आत डिस्क सुरू झाली. कान दिला नाही. हे खरं नाही – दिला, पण दार लावून घेतलं.

उद्या : माझी खुर्ची बाबांच्या खोलीतून काढायची.