गायींची वाट

रविवार, संध्याकाळ. देवळ्याहून नुकताच इंदिरानगरला परतलो.

आज आबांसमोर नकाशा उघडला एकदाचा. तीन महिने ओझरच्या कारखान्यातून घरी आलो की हाच उद्योग. देवळ्याच्या आमच्या कांद्याच्या रानात पुढच्या वीस वर्षांत काय करायचं, ते सगळं रंगीत पेन्सिलीने. गवताचे सहा तुकडे. गायी एकात चरतील तोवर बाकीचे पाच मोकळे राहून पुन्हा वाढतील. बांधावर चाऱ्याला शेवरी. शेण रानातलं रानातच. वाटलं होतं, कांदा सोडायची भाषा ऐकून वडील उठून जातील.

उठले नाहीत. बराच वेळ नकाशा बघत बसले. मग म्हणाले, "तुझ्या गाया पाण्याला उडत जाणार का?"

विहीर एका कोपऱ्यात, आणि मी सगळीकडे कुंपणं आखलेली. वाटच नाही. तीन महिने मला हे दिसलं कसं नाही? इंजिनिअर म्हणे. विहिरीपर्यंत वाट आखली.

"अरुंद हाय," आबा म्हणाले. "निम्म्या पाण्याला निघतील, निम्म्या पिऊन येतील. शिंगाला शिंग लागंल. दुप्पट कर."

केली, पण चिडूनच. त्या वाटेने गवताची किती जागा खाल्ली, एवढंच बसमध्ये डोक्यात घोळत होतं.

आणि आता लिहिताना लक्षात येतंय. गोठ्यात आज गायी दोनच आहेत. दोघींना एवढी रुंद वाट लागत नाही, हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.