शोकेसमधली नीमा

रायस्वाइक, ७ मार्च २०२५

चि. आसावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी फिल्म पाहिली. आई रडली, पण ती जाहिरात बघूनही रडते. म्वान्झाचं समुद्रासारखं तळं, माझ्या फोटो स्टुडिओची गल्ली... तीस वर्षांनी दिसलं आणि जेवण तसंच राहिलं.

एक मात्र बोचलं. शिवणकाम करणारी नीमा बोलते, तिथे तू तिचा आवाज बारीक करून इंग्रजीत तिचं दारिद्र्य, एकटेपण सांगतेस. मी हेडफोन लावून चारदा ऐकलं. स्वाहिलीत ती म्हणते की राजन, म्हणजे मी, पळाला. तिने स्वतःचा फोटो शोकेसमध्ये लावायला दिला होता, न्यायला नाही. आणि हसते आहे गं!

विचारल्याशिवाय शोकेसमध्ये फोटो लावायचा नाही आणि उतरवला की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा आपल्या दुकानाचा नियम. म्वान्झा सोडायच्या गडबडीत मी अख्खा अल्बमच उचलला. तोच तू फिल्मभर वापरलास, खाली माझं नाव घालून. पहिली चूक माझीच.

पुढच्या शुक्रवारी लोकांना दाखवण्याआधी तिला विचार.

तुझा,
बाबा

ग्रोनिंगन, १० मार्च

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आधी तुमचा रागच आला. दुभाष्याने दोन वाक्यं सांगितली, बाकीची मी रचली. हसणं विषयाला शोभेना म्हणून संगीताखाली दडपलं, तेही तुम्ही ऐकलंत!

काल नीमाबाईंना फोन केला. म्हणाल्या, फोटो माझा, गोष्टही मीच सांगणार. तासभर सांगत होत्या. आयोजकांना मात्र दुःखाचीच फिल्म हवी होती. शुक्रवारचा खेळ मी रद्द केला. आता फिल्म त्यांच्या आवाजात पुन्हा जुळवते आहे.

त्यांनी विचारलंय, राजन अजून उभ्यानेच चहा पितो का? काय सांगू?

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची,
आसावरी

रायस्वाइक, १४ मार्च

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

खेळ रद्द केलास, वाईट वाटलं. त्याहून जास्त बरं वाटलं.

नीमाचा फोटो अल्बममधून काढला. पाकीट आणलं, पत्ता लिहिला, मग फाडून टाकलं. हातात द्यायचा नियम होता. म्वान्झाची जूनमधली तिकिटं बघ. आई म्हणते, तिघांची.

तिला सांग, चहा अजून उभ्यानेच पितो, खिडकीशी. समोर कालवा आहे. वाऱ्याने पाणी हललं की घडीभर तळंच वाटतं. पण लगेच पलीकडचा काठ दिसतो.

लोभ आहेच, असाच राहू दे.

तुझा,
बाबा