सहा कनेक्टर वाया गेले

तायडे,

रागावलोय, तरी आधी नमस्कार. फोन केला असता तर आईला ऐकू जाईल इतका ओरडलो असतो, म्हणून लिहितोय. तिला सांग, मी वेळेवर जेवतो आणि बोटात गेलेली काच निघाली.

काल एका दवाखान्यात, जिन्याखाली बसून इंटरनेटच्या काचेच्या तारेला, फायबरला, कनेक्टर लावत होतो. केसाएवढी काच सोलायची, पुसायची, सरळ कापायची, आत सरकवायची. मग दुसऱ्या टोकाने लाल उजेड सोडायचा. काप वाकडा असला की उजेड तिथेच गळतो आणि कनेक्टर लालभडक दिसतो. तेवढ्यात कॉलेजातल्या चष्मिसचा फोन. सहज म्हणाला, "अरे, तुला आवडायची ना, तिच्या लग्नाला चार महिने झाले. तुझी ताई माझ्याच शेजारी जेवायला होती की!"

त्यानंतरचे सहा कनेक्टर लाल. काम शिकवणारा उस्ताद म्हणाला, "काच कापतोयस की कुणाचा गळा?"

तिच्यासाठी कॉलेज सोडून कमवायला आलो, हे घरात फक्त तुला माहीत होतं. आणि तू दर पत्रात लिहीत राहिलीस, "ती तुझी चौकशी करते." तिने मला कधी शब्द दिलाच नव्हता. शब्द तू देत होतीस, तिच्या नावाने!

मी खचून काम सोडीन म्हणून ना? नाही सोडलं. सातवा नीट बसला.

आता तिचं एक अक्षर लिहू नकोस. तुझ्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याचं काय झालं? चार महिन्यांत त्यावर एक ओळ नाही. खरं लिही.

तुझाच,
भडकू